डायकीटोनपासून हेटेरोसायकल: परत परत येणारे प्रश्न

दरवर्षी प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, काही तर आदल्या रात्री साडेअकराला. मी एमएस्सी ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल्स बरीच वर्षं घेते आहे, म्हणून यंदा सगळे प्रश्न एकाच ठिकाणी टाकते. हेटेरोसायकल म्हणजे जिच्यात कार्बनबरोबर नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा सल्फरसारखा दुसरा अणू (हेटेरोअणू) असतो ती रिंग. प्रश्न बऱ्यापैकी तुमच्याच भाषेत ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा येतो, त्यामुळे जिथे उत्तर आधी किंवा पुढे आलंय तिथे नुसता प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मॅडम, डायकीटोन म्हणजे नक्की काय? आणि ते १,२ / १,३ / १,४ आकडे कसले?

एका रेणूत दोन कीटोन गट असले की डायकीटोन. कीटोन गटात कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेला असतो, त्या जोडीला कार्बोनिल म्हणतात. आकडा सांगतो की ते दोन कार्बोनिल एकमेकांपासून किती लांब आहेत. शेजारी शेजारी असले की १,२ (बेन्झिल, डायॲसिटिल), मध्ये एक कार्बन असला की १,३ (ॲसिटाइलॲसिटोन, डायमेडोन), मध्ये दोन असले की १,४ (हेक्झेन-२,५-डायोन) आणि तीन असले की १,५. इथे बरेच जण अडखळतात, हेक्झेन-२,५-डायोनच्या नावात २ आणि ५ आहे मग ते १,४ कसं? तर नावातले आकडे अख्ख्या साखळीवरचे असतात, आपण मात्र पहिला कार्बोनिल म्हणजे १ धरून पुढे मोजतो.

२. हेटेरोसायकल बनवायला डायकीटोनच का घेतात?

कारण त्याला दोन हात असतात. कार्बोनिलचा कार्बन इलेक्ट्रॉनला भुकेला, आणि समोर दोन टोकांनी हल्ला करू शकणारा नायट्रोजनवाला रेणू (हायड्रॅझिन, डायअमाइन, ग्वानिडिन) आला की पहिलं टोक एका कार्बोनिलला चिकटतं, दुसरं टोक दुसऱ्याला, दोन पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि रिंग तयार. बाय-प्रॉडक्ट फक्त पाणी. शिवाय बऱ्याच वेळा तयार होणारी रिंग ॲरोमॅटिक (इलेक्ट्रॉन रिंगभर पसरलेली, खास स्थिर) असते, म्हणजे एकदा बनली की परत उलटं फिरायला तयारच नसते, म्हणून यील्डही (हाती येणारं प्रॉडक्ट) चांगला मिळतो.

३. कुठल्या डायकीटोनपासून कुठली रिंग हे पाठ होतच नाही. काही ट्रिक आहे का?

आहे, आणि ती ट्रिक नाहीये, तो अख्खा विषयच तो आहे. मोजा! एका कार्बोनिल कार्बनपासून दुसऱ्यापर्यंत (दोन्ही धरून) किती कार्बन आहेत ते मोजा, आणि त्यात समोरच्या रेणूचे जे अणू रिंगमध्ये जाणार ते मिळवा.

१,२-डायकीटोनचे २ कार्बन. ऑर्थो-फिनिलीनडायअमाइनचे (पुढे ओपीडी म्हणते) नायट्रोजन-कार्बन-कार्बन-नायट्रोजन असे ४. बेरीज ६, क्विनॉक्झलिन.

१,३ चे ३ कार्बन. हायड्रॅझिनचे २ नायट्रोजन मिळवले की ५, पायरॅझोल. हायड्रॉक्सिलअमाइनचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळवला तरी ५, पण आयसॉक्झॅझोल. ग्वानिडिन किंवा युरियाचे नायट्रोजन-कार्बन-नायट्रोजन असे ३ मिळवले की ६, पिरिमिडिन. आणि ओपीडीचे ४ मिळवले तर ७! हो, सातच, ते प्रश्न १२ मध्ये बघा.

१,४ चे ४ कार्बन अधिक एक नायट्रोजन म्हणजे पिरोल, ऑक्सिजन म्हणजे फ्युरान, सल्फर म्हणजे थायोफीन. हायड्रॅझिन घेतलं तर ४ अधिक २, पिरिडॅझिन (आधी डायहायड्रो मिळतं, मग ऑक्सिडाइज करावं लागतं). १,५ चे ५ अधिक एक नायट्रोजन, पिरिडिन.

एवढं झालं. पाच-सहा मार्कांचा प्रश्न बोटांवर मोजून सुटतो. मुलं नावं पाठ करत बसतात आणि कार्बन मोजत नाहीत, हे मला अजूनही कळलेलं नाही.

४. बेन्झिल आणि ओपीडीचं क्विनॉक्झलिन परीक्षेला आलं तर काय काय लक्षात ठेवायचं?

२.१ ग्रॅम बेन्झिल म्हणजे १० मिलिमोल आणि १.०८ ग्रॅम ओपीडी म्हणजेही १० मिलिमोल. दोन्ही वेगवेगळे थोड्या गरम स्पिरिटमध्ये विरघळवायचे, एकत्र करायचे, वॉटर बाथवर अर्धा तास ठेवायचं, मग थेंब थेंब पाणी घालत जायचं, जरा गढूळ दिसलं की थांबायचं आणि थंड करायचं. २,३-डायफिनाइलक्विनॉक्झलिन खाली बसतं. मेल्टिंग पॉईंट १२५-१२६ अंश. थिऑरेटिकल यील्ड २.८२ ग्रॅम, कारण रेणुभार २८२ आहे.

बेन्झिलचा पिवळा रंग उडतो आणि प्रॉडक्ट पांढरट दिसतं, ही डोळ्यांना दिसणारी खूण. मेल्टिंग पॉईंट ९४-९५ च्या आसपास आला तर तुम्ही बेन्झिलच परत गाळून आणलंय, एक्स्टर्नलला (बाहेरच्या परीक्षकाला) ते सांगायची गरज पडत नाही, त्यांना दिसतंच. आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) ॲटम इकॉनॉमी, म्हणजे घातलेल्या वजनापैकी किती प्रॉडक्टमध्ये राहिलं ते, विचारली तर: २८२ भागिले (२१० अधिक १०८), म्हणजे जवळपास ८९ टक्के, वाया गेलं ते फक्त दोन पाणी.

५. आमच्या लॅबमधलं ओपीडी काळंकुट्ट झालंय. तसंच वापरलं तर चालतं का?

रिॲक्शन होते पण प्रॉडक्ट चहाच्या गाळासारखं दिसतं. ओपीडी हवेत ऑक्सिडाइज होतं, म्हणून जुनी बाटली तपकिरी ते काळी दिसते. गरम पाण्यातून चिमूटभर सोडियम डायथायोनाइट आणि ॲक्टिव्हेटेड चारकोल घालून रिक्रिस्टलाइज करा, पांढरट स्फटिक मिळतात, आणि त्याच दिवशी वापरा. ग्लोव्हज घालाच, ओपीडीची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पुढे थोड्याशानेही खाज सुटते.

६. बेन्झिलमध्ये दोन कार्बनवर एकेक फिनाइल असतं, मग फेनिटोइनमध्ये दोन्ही फिनाइल एकाच कार्बनवर कसे गेले? प्रिंटिंग मिस्टेक आहे का?

नाही हो, प्रिंटिंग मिस्टेक नाही, हीच तर त्या रिॲक्शनची गंमत. बेन्झिल आणि युरिया अल्कोहोलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून रिफ्लक्स केलं (वाफ थंड करून परत आत पाडत उकळलं) की युरियाचे दोन नायट्रोजन दोन कार्बोनिलवर जाऊन पाचची रिंग होते (२ अधिक ३, प्रश्न ३ चाच हिशोब), आणि मग एका कार्बनवरचं फिनाइल उडी मारून शेजारच्या कार्बनवर जातं. बेन्झिलिक ॲसिड रिअरेंजमेंट आठवतंय ना, अगदी तीच उडी, फक्त इथे ती रिंगच्या आत होते. म्हणून फेनिटोइनचं रासायनिक नाव ५,५-डायफिनाइलहायडॅंटॉइन.

बिल्ट्झने हे १९०८ मध्ये बनवलं, आणि बाटली तीस वर्षं तशीच पडून होती म्हणा ना, कारण झटके थांबवण्याचा गुण १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी दाखवला. आजही अपस्मारासाठी हे औषध देतात.

प्रॅक्टिकलची टीप: रिफ्लक्सनंतर पाण्यात ओतल्यावर जे विरघळत नाही ते आधी गाळून फेका. ते डायफिनाइलग्लायकोल्युरिल, म्हणजे एका बेन्झिलला दोन युरिया लागलेले. फेनिटोइन अल्कलीत विरघळलेलं असतं, ते गाळलेल्या द्रावात ॲसिड घातल्यावर खाली येतं. दरवर्षी कोणीतरी गाळणीवरचं ठेवतं आणि द्राव सिंकमध्ये ओततं. आणि हो, बेन्झिल, युरिया ॲसिडमध्ये उकळलं तर मुख्यतः ते ग्लायकोल्युरिलच मिळतं, फिनाइलची उडी बेसमध्येच होते.

७. बेन्झिलपासून इमिडॅझोल करतात तेव्हा ॲल्डिहाइड कशाला घालायचं?

मोजा परत. इमिडॅझोलला ३ कार्बन, २ नायट्रोजन लागतात. बेन्झिल २ कार्बन देतं, तिसरा ॲल्डिहाइडचा, आणि दोन्ही नायट्रोजन अमोनियम ॲसिटेटचे. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये रिफ्लक्स करा. बेन्झाल्डिहाइड घेतलं की २,४,५-ट्रायफिनाइलइमिडॅझोल मिळतं, त्याचं जुनं नाव लोफीन.

ही पद्धत जुनी आहे, डेबसने १८५८ मध्ये ग्लायोक्झल, फॉर्मल्डिहाइड आणि अमोनियापासून इमिडॅझोल काढलं होतं, आणि रॅडझिशेव्हस्कीने १८८२ मध्ये बेन्झिलवाली आवृत्ती दिली. याच माणसाने त्याआधी १८७७ मध्ये पाहिलं होतं की लोफीन अल्कलीवाल्या अल्कोहोलमध्ये घालून हवा मिळू दिली की ते अंधारात चमकतं. शक्य असेल तर लाइट बंद करून एकदा नक्की करून बघा, वर्गातली सगळ्यात झोपाळू मुलंही उठतात.

८. ॲसिटाइलॲसिटोन आणि हायड्रॅझिनचं प्रॉडक्ट बरोबर आलं, पण एनएमआरमध्ये दोन मिथाइलचा एकच सिग्नल दिसतोय. काही चुकलं का?

काहीच चुकलं नाही. एनएमआर वेगवेगळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळे सिग्नल म्हणून दाखवतो. ३,५-डायमिथाइलपायरॅझोलमध्ये नायट्रोजनवरचा हायड्रोजन या नायट्रोजनवरून त्या नायट्रोजनवर इतक्या भराभर जातो की ३ नंबरचं आणि ५ नंबरचं मिथाइल एनएमआरला वेगळं ओळखताच येत नाही. २.२-२.३ च्या आसपास ६ हायड्रोजनचा एक सिग्नल आणि ५.८ च्या आसपास एकटा हायड्रोजन, हेच बरोबर उत्तर. मेल्टिंग पॉईंट १०७-१०८.

उलट सुरुवातीच्या ॲसिटाइलॲसिटोनचा एनएमआर जास्त गर्दीचा असतो कारण तिथे कीटो आणि इनॉल (एका कार्बोनिलचं हायड्रॉक्सिल होऊन शेजारी दुहेरी बंध आलेलं रूप) दोन्ही दिसतात, त्यांची अदलाबदल हळू असते. इनॉलचा हायड्रोजन तर पार १५.५ ला जाऊन बसतो. शुद्ध द्रवात साधारण ८० टक्के इनॉल असतं, पाण्यात ते २० टक्क्यांच्या आत येतं.

करताना एक काळजी घ्या, रिॲक्शन चांगलीच तापते, म्हणून बर्फाच्या पाण्यात ठेवून ॲसिटाइलॲसिटोन थेंबाथेंबाने. हायड्रॅझिन हायड्रेट विषारी आहे, कॅन्सरकारक असण्याचा संशय आहे, फ्यूम हूडमध्येच उघडा. जमलं तर हायड्रॅझिन सल्फेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड वापरा, घन पदार्थ हाताळायला बरा.

९. इथाइल ॲसिटोॲसिटेट डायकीटोन आहे का? पुस्तकात दोन्हीकडे सारखंच वापरलेलं दिसतं.

नाही. त्यात एक कीटोन आणि एक एस्टर. चुलतभाऊ म्हणा. फरक प्रॉडक्टमध्ये पडतो: डायकीटोनमधून दोन्ही वेळा पाणी निघतं आणि पायरॅझोल मिळतं, इथे दुसऱ्या टोकाला पाण्याऐवजी इथेनॉल निघतं आणि कार्बोनिल रिंगमध्येच राहतं, म्हणून पायरॅझोलोन.

लुडविग क्नोरने १८८३ मध्ये फिनाइलहायड्रॅझिन आणि याच एस्टरपासून पायरॅझोलोन केलं, त्याला मिथाइल लावून ॲंटिपायरिन झालं, आणि १८८४ पासून ते तापावरचं औषध म्हणून विकलं गेलं. गंमत म्हणजे आधी त्याला वाटलं होतं की आपण क्विनोलिनच्या घरातलं काहीतरी केलंय! म्हणजे प्रॉडक्टची रचना चुकीची काढणारे तुम्ही पहिले नाही. फिनाइलहायड्रॅझिन आणि इथाइल ॲसिटोॲसिटेटचं तेच मिथाइल न लावलेलं प्रॉडक्ट आज एडारॅव्होन नावाने औषध आहे.

हॅन्ट्झचं डायहायड्रोपिरिडिन (निफेडिपिन) आणि बिजिनेलीचं पिरिमिडिनही मुळात एस्टरवरच केलेलं आहे, पण दोन्हीत एस्टरच्या जागी ॲसिटाइलॲसिटोन घातलं तरी चालतं, मग एस्टरच्या जागी ॲसिटिल गट येतो.

१०. डायकीटोनच्या दोन बाजू वेगळ्या असतील तर दोन प्रॉडक्ट मिळतात ना? मग कंपन्या एकच कसं मिळवतात?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर एका ओळीत नाही. हायड्रॅझिनवर एक गट असेल आणि डायकीटोनही असमान असेल तर दोन आयसोमर (तेच अणू, जोडणी वेगळी) शक्य असतात, आणि बरेचदा मिश्रणच पदरात पडतं.

सेलेकॉक्सिब बघा (सांधेदुखीचं, अमेरिकेत डिसेंबर १९९८ मध्ये मान्यता). डायकीटोनच्या एका टोकाला ट्रायफ्लुओरोमिथाइल, दुसऱ्या टोकाला टॉलिल. समोर सल्फोनामाइड लावलेलं फिनाइलहायड्रॅझिन. ते हायड्रोक्लोराइड मीठ म्हणून घेतात आणि इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करतात. ॲरिलहायड्रॅझिनमध्ये शेवटचा मोकळा नायट्रोजन जास्त चपळ असतो, तो ट्रायफ्लुओरोमिथाइलच्या शेजारच्या, जास्त भुकेल्या कार्बोनिलकडे जातो, आणि दोन ॲरिल रिंगा शेजारी शेजारी येतात, जे औषधाला हवंच आहे.

आता मिथाइलहायड्रॅझिन घेतलंत तर उलटं, तिथे मिथाइलवाला नायट्रोजन जास्त चपळ. म्हणून एका पेपरमधला आयसोमर बघून दुसऱ्या हायड्रॅझिनला तोच नियम लावू नका. सॉल्व्हंट, ॲसिड, मीठ की मोकळं अमाइन, सगळ्याने प्रमाण बदलतं. मिश्रण आलं तर टीएलसीवर (प्लेटवर मिश्रण वेगळं करून बघायच्या चाचणीत) दोन ठिपके दिसतात, ते लपवू नका, दोन्ही वेगळे करून नोंदवा. गाइडला राग येत नाही, उलट थिसिसला चार पानं मिळतात.

११. ट्रायफ्लुओरो डायकीटोन वापरलं आणि मास स्पेक्ट्रममध्ये १८ जास्त येतायत. पाणी राहिलं का? दोनदा वाळवलं.

मास स्पेक्ट्रम रेणुभार दाखवतो, आणि १८ म्हणजे एक पाणी. पाणी राहिलंय, पण बाहेर नाही, आत! ट्रायफ्लुओरोमिथाइल जवळ असलं की रिंग बंद होते पण शेवटचं पाणी निघायला तयार नसतं, आणि ५-हायड्रॉक्सीपायरॅझोलिन हातात येतं. ओव्हनमध्ये ठेवून काही होणार नाही. ॲसिटिक ॲसिडमध्ये थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून किंवा टॉलुइनमध्ये पॅरा-टॉलुइनसल्फोनिक ॲसिडबरोबर उकळा, मग ते पाणी जातं. आयसॉक्झॅझोलमध्येही हेच होतं.

१२. ॲसिटाइलॲसिटोन आणि ओपीडी मिसळलं तर क्विनॉक्झलिन येईल का?

नाही. प्रश्न ३ चा हिशोब: ३ अधिक ४ म्हणजे ७, त्यामुळे १,५-बेन्झोडायझेपिन येतं. ॲसिडमध्ये त्याचं मीठ सुंदर जांभळं दिसतं. डायझेपामचं नाव ऐकून लगेच उड्या मारू नका, ते १,४-बेन्झोडायझेपिन आहे, नायट्रोजनच्या जागा वेगळ्या.

अपवाद इथेही आहे. जास्त तापवलं किंवा ॲसिडची परिस्थिती वेगळी झाली तर कार्बन-कार्बन बंध तुटून २-मिथाइलबेन्झिमिडॅझोल मिळतं आणि एक ॲसिटोन बाहेर पडतं. म्हणजे सातची रिंग हवी होती आणि पाचची मिळाली. रेणुभार बघितला की लगेच कळतं, म्हणून मास नक्की काढा.

१३. पाल-क्नोर व्हायवात नेहमी विचारतात. मेकॅनिझममध्ये आधी इनअमाइन होतं की रिंग?

आधी इतिहास एका ओळीत: पाल आणि क्नोर, दोघांनी १८८४ मध्ये वेगवेगळं काम केलं. १,४-डायकीटोन नुसत्या ॲसिडमध्ये फ्युरान देतं, प्रायमरी अमाइन घातलं की पिरोल, आणि फॉस्फरस पेंटासल्फाइड किंवा लॉसनचा रीएजंट घातला की थायोफीन (वास येतो, शेजारच्या लॅबला सांगून करा).

मेकॅनिझम: अमाइन एका कार्बोनिलवर जाऊन हेमिअमिनल होतं, आणि मग तोच नायट्रोजन दुसऱ्या कार्बोनिलवर जाऊन रिंग बंद होते, पाणी नंतर निघतं. आधी इनअमाइन (पाणी निघून नायट्रोजनशेजारी कार्बन-कार्बन दुहेरी बंध आलेलं रूप) होऊन मग रिंग हे जुन्या नोट्समध्ये असतं. १९९१ मध्ये अमरनाथ आणि सहकाऱ्यांनी ३,४ जागांवर गट असलेले डायकीटोन घेऊन दाखवलं की मेसो आणि डीएल प्रकार (तेच गट, पण अवकाशात वेगळी मांडणी) वेगवेगळ्या वेगाने रिंग होतात. इनअमाइन आधी होत असतं तर मधल्या कार्बनची ती रचनाच पुसली गेली असती आणि फरक दिसला नसता. हे सांगितलंत की एक्स्टर्नल पुढचा प्रश्न विचारत नाही.

उपयोग म्हणाल तर ॲटोर्व्हास्टॅटिन. कोलेस्टेरॉलची गोळी, घरात कोणीतरी घेतच असतं. तिच्या मध्यभागी पिरोल आहे, चारही कार्बन आणि नायट्रोजन सगळे भरलेले, आणि ती रिंग पाल-क्नोरनेच बंद करतात: १,४-डायकीटोन, बाजूच्या साखळीचं अमाइन आणि पिव्हॅलिक ॲसिड. ते डायकीटोन स्टेटर रिॲक्शनने बनतं. म्हणजे १८८४ ची रिॲक्शन १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या औषधात.

१४. आम्ही १,४-डायकीटोन आणि अमाइन घेतलं पण पिरोलऐवजी भलतंच काहीतरी आलं. का?

दोन संशयित. ॲसिड फार झालं असेल (पीएच ३ च्या खाली) तर अमाइन प्रोटोनेट होऊन गप्प बसतं आणि डायकीटोन स्वतःच फ्युरान होऊन मोकळं होतं. म्हणून ॲसिटिक ॲसिडसारखं कमजोर ॲसिड. आणि बेस जोरदार असेल तर रेणू स्वतःशीच ॲल्डॉल (कार्बन-कार्बन जोडणी) करतो: हेक्झेन-२,५-डायोनचं ३-मिथाइलसायक्लोपेंट-२-इनोन होतं, यात हेटेरोअणू एकही नाही. जाईच्या वासाचं जॅस्मोन याच युक्तीने बनवतात, म्हणजे कोणाची चूक ती कोणाचं अत्तर.

१५. हेक्झेन-२,५-डायोन खरंच नसांना अपाय करतं का? की उगाच घाबरवता?

खरंच करतं, आणि कारण वाचलंत तर प्रश्न १३ कायमचा लक्षात राहील. हेक्झेन श्वासातून आत गेलं की शरीरात त्याचं ऑक्सिडेशन होत होत २,५-डायोन बनतं. नसांच्या प्रथिनांवर लायसिनचे अमाइन गट लटकलेले असतात. १,४-डायकीटोन अधिक प्रायमरी अमाइन, काय होणार? पिरोल. शरीराच्या आत पाल-क्नोर! ते पिरोल पुढे ऑक्सिडाइज होऊन प्रथिनं एकमेकांना जोडतात, नसेचा तंतू जागोजाग फुगतो, आणि हातापायांना मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा येतो.

जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांमध्ये हे दिसलं, गोंदात हेक्झेन होतं. १९७३ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस इथे कापडावर लेप देणाऱ्या कारखान्यात मिथाइल ब्युटाइल कीटोनने तेच केलं, कारण तेही शरीरात याच डायोनला पोचतं. पुरावा म्हणून सगळ्यात पटणारी गोष्ट: हेक्झेन-२,४-डायोन दिलं तर हा त्रास होत नाही. मोजा, ते १,३ आहे, पिरोलची रिंग होऊच शकत नाही.

आपण टीएलसीला हेक्झेन सर्रास वापरतो, खिडकी बंद, पंखा बंद. हेप्टेन वापरा, जवळपास तसंच चालतं.

१६. १,५-डायकीटोनपासून पिरिडिन करताना कधी ऑक्सिडेशन लागतं, कधी नाही, असं का?

अमोनिया घेतला तर डायहायड्रोपिरिडिन मिळतं, दोन हायड्रोजन काढायला ऑक्सिडायझर लागतो. हायड्रॉक्सिलअमाइन घेतलं तर नायट्रोजनवर हायड्रॉक्सिल आधीच असतो, तो पाणी बनून निघतो आणि थेट पिरिडिन.

१७. हळदीतलं करक्युमिन पण डायकीटोन आहे असं ऐकलं. त्यापासून घरी काही करता येईल का?

घरी भाजी करा. पण हो, करक्युमिन हे १,३-डायकीटोन आहे, दोन्ही बाजूंना दुहेरी बंध आणि मग व्हॅनिलिनसारख्या रिंगा. सांगलीच्या बाजारात पोत्यांनी येते त्या हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. लॅबमध्ये ॲसिटिक ॲसिडमध्ये हायड्रॅझिनबरोबर गरम केलं की करक्युमिन पायरॅझोल, हायड्रॉक्सिलअमाइनने आयसॉक्झॅझोल. बेसमध्ये करू नका, अल्कलीत करक्युमिन भराभर तुटतं. हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो तो बेसचाच परिणाम.

लोक हे का करतात? कारण करक्युमिन शरीरात टिकत नाही, आणि त्याचा मधला डायकीटोनच त्यातला कच्चा दुवा आहे, तो रिंगमध्ये बंद केला तर रेणू टिकाऊ होतो. प्रोजेक्टला चांगला विषय आहे. फक्त शेवटी 'कॅन्सरवर रामबाण' असं लिहू नका. परीक्षानळीत पेशी मारणं आणि माणूस बरा करणं यात फार अंतर आहे.

१८. मराठी किंवा भारतीय माणसाच्या नावाची एखादी रिॲक्शन आहे का यात?

बेकर-वेंकटरामन. ऑर्थो-हायड्रॉक्सीॲसिटोफिनोनचा एस्टर बेसमध्ये ठेवला की ॲसिल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर सरकतो आणि १,३-डायकीटोन मिळतं, मग ॲसिडमध्ये शेजारचाच हायड्रॉक्सिल त्यावर बंद होऊन फ्लेव्होन. इथे बाहेरून नायट्रोजन वगैरे काही आणावं लागत नाही, हेटेरोअणू घरातलाच. कृष्णस्वामी वेंकटरामन यांचं हे १९३३-३४ चं काम लाहोरचं. पुढे ते मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे (आताचं माटुंग्याचं आयसीटी) आणि १९५७ पासून पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, दोन्हीकडे पहिले भारतीय. मराठी नव्हेत, पण रंगरसायनातली त्यांची अर्धी कारकीर्द आपल्याकडेच गेली.

१९. औषधं सोडून याचा रोजच्या जगण्यात कुठे संबंध येतो?

शेंगदाणे भाजताना. खरंच. साखर आणि अमिनो ॲसिड तापली की छोटे १,२-डायकार्बोनिल रेणू तयार होतात (डायॲसिटिल त्यातलंच, लोण्याचा वास), ते अमिनो ॲसिडकडून नायट्रोजन घेतात, अमिनोकीटोन होतात, आणि असे दोन एकमेकांना जोडले जाऊन पायरॅझिन बनतं. भाजलेल्या दाण्याचा तो खमंग वास बराचसा पायरॅझिनचा. शेंगा चटणीचं अर्धं श्रेय हेटेरोसायकलला.

दुसरा उपयोग तपासणीचा. ॲसिटाइलॲसिटोन, अमोनियम ॲसिटेट आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र आले की पिवळं डायहायड्रोपिरिडिन होतं, ४१२ नॅनोमीटरला मोजायचं. हा नॅशचा रीएजंट, १९५३ चा, कापडातलं फॉर्मल्डिहाइड आजही असंच मोजतात. २०१८ मध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला तेव्हा एका विद्यार्थ्याने हीच रिॲक्शन प्रोजेक्टला घेतली होती, मला फार आवडलं होतं ते.

औषधांत वर न आलेली दोन: सल्फागुआनिडिन आणि ॲसिटाइलॲसिटोनपासून सल्फाडिमिडिन (३ अधिक ३, पिरिमिडिन), आणि सल्फामेथॉक्साझोलची आयसॉक्झॅझोल रिंग, जी डायकीटो एस्टर आणि हायड्रॉक्सिलअमाइनपासून येते.

२०. प्रोजेक्टला 'ग्रीन कॅटॅलिस्टने क्विनॉक्झलिन' घेऊ का?

घ्या, पण आधी एक काम करा: कॅटॅलिस्ट न घालता तीच रिॲक्शन गरम इथेनॉलमध्ये करून बघा. बेन्झिल आणि ओपीडी एकमेकांना भेटले की बहुतेक वेळा आपणच जुळतात, मग लिंबाचा रस, राख, नॅनो अमुक तमुक घालून ९५ टक्के यील्ड आला यात कॅटॅलिस्टचं काय कौतुक? तो कंट्रोल प्रयोग नसलेले रिपोर्ट मी दरवर्षी वाचते. वेळ, तापमान सारखं ठेवून दोन्ही यील्ड शेजारी शेजारी लिहा. फरक आला तर उत्तम, नाही आला तर तेही लिहा. आणि कॉलमला दोन लिटर हेक्झेन लागत असेल तर शीर्षकातला 'ग्रीन' काढा, प्रश्न १५ वाचलाय ना.

२१. शेवटचं: बेन्झिल आणि हायड्रॅझिन घेतलं तर कुठली रिंग?

मला हा प्रश्न आवडतो, कारण नुसतं पाठ केलेलं इथे फसतं. २ अधिक २ म्हणजे ४, आणि त्या चारच्या रिंगेत इतका ताण असतो की ती होत नाही. हायड्रॅझोन मिळतं, जास्त हायड्रॅझिन घातलं तर दोन्हीकडे हायड्रॅझोन. ते दोन्हीकडचं हायड्रॅझोन मर्क्युरिक ऑक्साइडने ऑक्सिडाइज केलं की नायट्रोजन वायू निघून जातो आणि डायफिनाइलॲसिटिलीन हातात राहतं. पाऱ्याचा कचरा सिंकमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत, लेबल लावून.